सहावी वाटी

बसपेक्षा गाडी बरी, हे आमच्या आईचं ठाम मत होतं. गाडी म्हणजे रेल्वे. बसवाला कुठेही उतरवेल, टायर फुटेल, घाटात गेली तर गेलीच; रुळावरची गाडी रूळ सोडून जाणार कुठे? विक्रोळीहून चेंबूरला काकाकडे जायला सरळ बस होती, तरी आई मला कुर्ल्याला नेऊन, पूल चढवून-उतरवून दुसऱ्या गाडीत कोंबायची आणि वर विचारायची, "कसा, पोचलो मां येळार?" दुप्पट वेळ लागलेला असायचा, पण तिच्याशी वाद कोण घालणार! तर सांगायचं काय, आम्ही दोघी मोरोक्कोला गेलो तेव्हा कॅसाब्लांकातल्या लॉजवाल्याने हातवारे करून करून आम्हाला समजावलं होतं की साफीला थेट बस जाते, समुद्राच्या कडेकडेने, दुपारपर्यंत पोचाल. आईने ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "गाडी खय सुटता ता इचार." साफीला त्या दिवशी गाडी नव्हती. माराकेशला होती, तिथून पुढे बस. झालं, आम्ही माराकेशला निघालो. परवा नातवाने मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला तर काय, समोशाचे दोन कोपरे फिरून आम्ही तिसऱ्याला पोचलो होतो. तो हसत सुटला. मीही हसले, आणि मग किती तरी वेळ तो नकाशा माझ्याने बंद करवेना.

माझे बाबा जहाजावर कुक होते. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर, उरलेले आमच्या विक्रोळीच्या चाळीत, एका खोलीत. चाळीतले बाकीचे सगळे बाप्ये कारखान्यात होते. भोंगा वाजला की जायचे, भोंगा वाजला की यायचे. भोंग्यावर चाळीतल्या बायका कुकर लावायच्या, भोंग्यावर मुलांना हाका मारायच्या. आमच्याच घरी भोंग्याला काही अर्थ नव्हता, कारण आमचा माणूस त्याच्या आवाजावर येणारा नव्हता. तरी संध्याकाळचा भोंगा झाला की आई हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहायची. मी लहान असताना विचारायची, "आई, कोण येणारे?" "कोण नाय गो. सगळ्यांचे येतत ते बघतंय," असं म्हणून ती परत आत जायची.

बाबा आले की घराला वेगळाच वास यायचा. जहाजावर म्हणे ते गोऱ्या कॅप्टनला पुडिंग करून घालायचे, पण घरी आल्यावर त्यांना हवी कुळथाची पिठी, वर खोबरेल तेलाचा थेंब, आणि ती आईच्या हातची. स्वतः चुलीकडे फिरकायचे नाहीत. "सुट्टीवर आसंय," म्हणायचे. जायचा दिवस आला की आई शेवेचे लाडू करायची, गूळ आणि सुंठ घातलेले, असे कडक की फोडायला वरवंटा लागावा. म्हणायची, मऊ लाडू समुद्रावर टिकत नाहीत. आणि त्या डब्यासोबत बाबा दरवेळी काही तरी घरातलं उचलून न्यायचे. शेवटच्या खेपेला त्यांनी वाटी उचलली. आईने भिशीच्या पैशातून स्टीलच्या सहा वाट्या घेतल्या होत्या आणि दुकानात उभी राहून प्रत्येकीवर नाव घालून घेतलं होतं. त्या दुकानदाराचं टिकटिक करणारं यंत्र असायचं, ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर काढायचं. सौ. शालिनी य. परब. चाळीत नाव नसलेलं भांडं शेजारी गेलं की गेलंच, म्हणून सगळ्या बायका नाव घालायच्याच; पण आईला ते वाचायलाही आवडायचं. घासताना 'सौ.'वरून अंगठा फिरवायची. बाबांनी पिशवीत वाटी टाकली तशी ती ओरडली, "ओ, सेट मोडतलो! जहाजार वाट्ये नाय काय?" बाबा म्हणाले, "आसत. त्येंच्यार तुझा नाव नाय." आई लाजून की रागावून, मला कळलं नाही, मोरीत गेली.

फोन आला तो वाण्याच्या दुकानात. चेंबूरच्या काकाला बोलावून आणलं, फोन परत आला तेव्हा त्याने ऐकला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, मनाने चांगला पण बोलायला फटकळ. बाबांचं जहाज मोरोक्कोतल्या साफी नावाच्या बंदरात होतं. दुपारचं जेवण वाढता वाढता छातीत कळ आली, आणि संपलंच. तिथे जाळायची सोय नव्हती, जहाजाला निघायचं होतं, म्हणून सोबत्यांनी तिथेच पुरलं. एवढंच. मी रडून आकांत केला. आई रडली नाही. तिने काकाला तीनदा विचारलं, फोनवर बोलणाऱ्याने स्वतः बघितलं का? काका म्हणाला, नाही, तो ऑफिसातला माणूस. "मगे?" एवढंच म्हणून आईने कुकर लावला.

मग दिवसकार्याचा प्रश्न आला. भटजी म्हणाले, देह नसेल तर पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, शास्त्र आहे. काका सगळं सामान घेऊन आला. आई म्हणाली, "पिठाच्या पुतळ्याक मी घोव म्हणूचंय नाय." काकाचा पारा चढला. "वैनी, लोक काय म्हणतले? कपाळार कुकू घेवन फिरतंस! जनाची नाय तर मनाची तरी ठेव." आई शांतपणे म्हणाली, "माझ्या डोळ्यांनी बघल्याशिवाय मी कुकू पुसूचंय नाय. तुमका वायट दिसता तर बघू नकात." मग लोकांनी बघायचं सोडलं. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवेना, आणि विधवांमध्ये ती बसेना. नळावर बायका तिच्याशी बोलताना नजर तिच्या कपाळावरून खाली खाली घसरवत. मी एकोणीस-वीसची, कॉलेजात. मला तिचा राग यायचा आणि कीवही. रात्री वाटायचं, समजा तिचंच खरं असलं तर? आणि तेच वाटणं सगळ्यात वाईट होतं.

कंपनीच्या ऑफिसात आई रोज जाऊन बसायची. भांडली नाही, रडली नाही, नुसती बाकावर बसायची, डबा खायची आणि संध्याकाळी परत यायची. शेवटी कंटाळून म्हणा, माणुसकीने म्हणा, त्यांनी आम्हा दोघींना जायची-यायची तिकिटं काढून दिली. निघायच्या आदल्या दिवशी आईने शेव पाडायला घेतली. काका निरोप द्यायला आला होता, तो दारातच थबकला. "लाडू? कोणासाठी?" आईने वर बघितलं नाही. "तेंच्याकडे रिकाम्या हातान कसा जावचा?" काका चपला न काढता परत गेला, आणि गॅलरीत भिंतीला टेकून उभा राहून रडला. फटकळ माणूस असा रडताना मी पहिल्यांदाच पाहिला.

तर ती माराकेशची गाडी. आठ माणसांचा डबा, समोरासमोर बाकं, आणि माझ्या आईचं मन तुडुंब भरलेलं, कारण गाडी वेळेवर सुटली. ती खिडकीशी बसली, मांडीवर लाडवांचा डबा. हिरव्या बांगड्या, ठसठशीत कुंकू, नऊवारी नाही पण काठापदराची गोल साडी. डब्यातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. एकाने "हिंद?" म्हणून विचारलं आणि मी मान हलवताच एका हिंदी गाण्याची चाल गुणगुणायला लागला, शब्द एक नाही, चाल मात्र पक्की. बाहेर लांबच लांब लाल माती, निवडुंगाची कुंपणं, मेंढरं, गाढवावर बसलेली माणसं. आई म्हणाली, "ह्या आपल्या गावच्या कातळाच्या सड्यासारख्या दिसता गो," आणि जरा वेळाने, "पण आंबे नाय." मला भूक लागली होती. सकाळपासून कोणी काही खाताना दिसलं नव्हतं, हॉटेलं बंद, चहाची टपरी बंद. मी डब्याला हात लावला तर आईने चापट मारली. "तेंका बघल्याशिवाय मी तोंडात काय घालूचंय नाय." "तू नको घालू, मला तर दे!" तिने एक लाडू काढून दिला. मी तो तोंडाशी नेला आणि समोरच्या माणसाने हळूच मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. दुसऱ्यानेही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रमजान! आमच्या चाळीच्या पलीकडच्या गल्लीत दरवर्षी पाळायचे, आणि मला आठवू नये? कपाळ माझं! लाडू घेऊन मी संडासात गेले आणि दार लावून, हलत्या गाडीत, दातांनी तो फोडत बसले. बाबांच्या लाडवाची चव तोंडात आली आणि मला तिथेच रडू फुटलं. तोंड धुऊन बाहेर आले. आईने विचारलं, "कडक झालो मां?" मी म्हटलं, "झकास झालाय."

माराकेशला ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. लाल भिंती, लाल धूळ. बसस्टँडवर शंभर माणसं शंभर गावांची नावं ओरडत होती. मी नुसतं "साफी, साफी" करत फिरले आणि कोणी तरी दंडाला धरून आम्हाला एका बसशी नेऊन सोडलं. बस म्हणजे आपली जुनी एसटी. टपावर मेंढी बांधलेली. निघता निघत नव्हती, आणि निघाल्यावर दर फाट्यावर थांबत होती. आई प्रत्येक थांब्याला म्हणायची, "बघ, म्हणान मी सांगतंय, बशीचो काय भरवसो!" सूर्य पुढच्या काचेत उतरायला लागला तशी ती डोळ्यांवर हात धरून पुढचा रस्ता बघायला लागली. आमचं परतीचं विमान दुसऱ्या दिवसाचं होतं, पहाटे कॅसाब्लांकाची बस धरायची होती. उजेड आहे तोवर साफी गाठलं तरच कबरस्तान उघडं मिळणार, नाही तर एवढ्या लांब येऊन हात हलवत जायचं. तिला ते माझ्याइतकंच कळत होतं. तिची बोटं डब्याच्या झाकणावर सारखी फिरत होती.

आईच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. अंगभर झगा, डोक्याला गच्च रुमाल, हनुवटीवर गोंदण. गोंदण बघून आईला ती लगेच आपली वाटली. बसमधली माणसं तिला हाज्जा, म्हणजे हज करून आलेली, म्हणत होती. आईने तिला लाडू दिला. हाज्जाने सूर्याकडे बोट केलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि लाडू रुमालाच्या टोकात बांधून ठेवला. मग तिने आम्हाला विचारलं. भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला: कुठे निघालात, कोणाकडे? मी इंग्रजी झाडलं, कॉलेजातलं मोडकं फ्रेंच झाडलं, जहाज म्हणून हाताने लाटा काढल्या. डोंबल कळणार तिला! ती आपली माझ्या हातांकडे बघतेय. आणि आई, जी दहा महिने तो शब्द कोणाला बोलू देत नव्हती, जी कायम "तेंका बघूक जातंय" म्हणायची, ती पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत म्हणाली, "कबर. माझ्या घोवाची कबर."

हाज्जा एकदम वळली. "कबर?" आमचा शब्द तिचाही शब्द निघाला. सकाळपासून एवढ्या मुलखातून आलो, आणि कोणाला कळलेला आमचा पहिला शब्द तो. तिने आईच्या कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं, मग आपल्या छातीवर हात ठेवला, मग आईचा हात धरला आणि साफी येईपर्यंत सोडला नाही. आई तेव्हा रडली. बसमध्ये, परक्या बाईच्या खांद्यावर, मोठ्याने, हुंदके देऊन. मी मागच्या सीटवर होते. मला वाटलं उठून तिला जवळ घ्यावं, पण उठवेना. इतके दिवस तिने कोणाला जवळ येऊच दिलं नव्हतं आणि ती सवय मलाही लागली होती. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

साफी आलं ते नाकाला आधी कळलं. तारली मासळीचा वास. तिथे तारली डब्यात भरायचे कारखाने आहेत, हे मला पुढे समजलं. आईने नाक वर करून खोल श्वास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाली, "तारलो. तेंका हय बरा वाटला आसतला." उतरल्यावर आम्ही हाज्जाला नमस्कार केला, पण ती कुठची जातेय! तिने टांगा थांबवला, आधी आम्हाला चढवलं, मग स्वतः चढली आणि टांगेवाल्यावर खेकसून टांगा पिटाळायला लावला. रस्ता ओस पडत चालला होता, माणसं हातात पाव घेऊन घरी पळत होती. हिचंही घर वाट बघत असणार, हिलाही दिवसभराची तहान असणार. पण ती आमच्यासोबत आली. तिचं नाव काय, मला आजही माहीत नाही.

परदेशी माणसांचं कबरस्तान समुद्रावरच्या चढावर होतं. राखणदार दाराला कुलूप घालत होता. हाज्जा त्याच्यावर इतकी ओरडली की त्याने निमूट कुलूप काढलं. मी "इंडिया" म्हणताच त्याने मान हलवली आणि आम्हाला क्रुसांच्या रांगांमधून पार मागच्या कोपऱ्यात नेलं. मातीचा एक लांबट उंचवटा, भोवती गोटे मांडलेले. लाकडाची पाटी होती, पण खाऱ्या वाऱ्याने तिच्यावरची अक्षरं खाऊन टाकली होती. आई उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते, मातीकडे नाही. ती म्हणाली, "बेबी, ही तेंची कशावरना?" मी पाटी हाताने पुसून पाहिली; एक अक्षर लागेना. आणि मला पुढचं सगळं दिसलं. ती आता अशीच परत येणार, तेच कुंकू, तीच चाळ, संध्याकाळी दाराशी उभी राहणार, मरेपर्यंत.

उशाशी एक वाटी होती. पाण्याने भरलेली, मातीत अर्धी रोवलेली. त्या लोकांत पाखरांसाठी कबरीवर पाणी ठेवतात. राखणदाराने हाताने पाखरू करून दाखवलं, मग स्वतःकडे बोट केलं: मी भरतो. आई खाली बसली. तिने वाटीवर अंगठा फिरवला, घासताना फिरवायची तसा. मग दुसऱ्यांदा फिरवला. "बेबी, वाच गो," ती म्हणाली. तिला वाचता येत होतं. मी वाचलं. सौ. शालिनी य. परब.

पुढे बाबांच्या जहाजावरचा वेंगुर्ल्याचा एक खलाशी आम्हाला भेटायला आला तेव्हा त्याने सांगितलं, पुरताना त्यानेच ती वाटी भात घालून उशाशी ठेवली होती, कावळ्यासाठी. कावळे तिथे नव्हतेच. भात समुद्रपक्ष्यांनी खाल्ला आणि रिकामी वाटी राखणदाराने पाण्याला घेतली.

मी वाटीवरचं नाव वाचलं आणि तेवढ्यात भोंगा वाजला. खरंच सांगते, भोंगा. सूर्य बुडाला की तिथे रोजा सोडायला शहरभर भोंगा देतात; अगदी आमच्या विक्रोळीच्या कारखान्यासारखा, लांब, पोटातून येणारा. आईने चमकून वर बघितलं, सवयीने, रस्त्याच्या बाजूला. चढावर कोणी नव्हतं. मग तिने नजर खाली मातीकडे आणली आणि म्हणाली, "इलंय हां मी." तिने पदराचं टोक वाटीतल्या पाण्यात भिजवलं आणि स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. हाज्जाने रुमालाची गाठ सोडली, लाडू काढला, दगडावर आपटून फोडला आणि पहिला तुकडा आईच्या तोंडात घातला. मग आपल्या. मग माझ्या, आणि राखणदाराच्या. उरलेला डबा आईने तिथे उघडून ठेवला. पक्षी आले. आम्ही चौघं तिथे उभे राहून चावत होतो, आणि आई चावता चावता रडत होती.

निघताना राखणदाराने वाटी उपटली, पुसली आणि आईपुढे धरली. घेऊन जा. आईने ती हातात घेतली, नळावर जाऊन विसळली, पुन्हा काठोकाठ भरली आणि होती तिथे रोवून ठेवली. मी म्हटलं, "आई, घे ना गं. आठवण राहील." ती म्हणाली, "थयच ऱ्हवांदे. माझा सौ. तेंच्यापाशीच बरा."

आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी मुलुंडला राहते, भांडी सगळी काचेची आली, पण त्या वाट्या मी टाकल्या नाहीत. आमटी मी त्यातच घेते. नवी सून आली तेव्हा फडताळ आवरताना तिने त्या मोजल्या आणि विचारलं, "मम्मी, या पाचच कशा? एक हरवली का?"

"हरवली नाही गं," मी म्हटलं. "सहावी बाबांकडे आहे."